गिटार पेटीला पोसत होती : वाद्यांची दुकानं का बंद होतायत?

गेल्या श्रावणात आमच्या पेटीचा सूर अडकला. भाता हलवला की कुठल्याही पट्टीला हात न लावता काळी दोनचा सूर आपला चालूच. पेटी आजोबांची, डबल सुरी, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर, वजनाला धोंडा. घरी भजन चार दिवसांवर आलेलं. लहानपणापासून जिथे ती नेत होतो त्या स्टेशनजवळच्या दुकानात रिक्षा करून घेऊन गेलो, तर तिथे मोबाइलची कव्हरं. पाटी बदललेली. मागच्या भिंतीवर तानपुरे टांगायचे लाकडी खुंट मात्र अजून होते. त्यांवर आता चार्जरच्या वायरी लटकत होत्या.

"ते काका गेले, दीड वर्ष झालं," गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला. गेले म्हणजे गाळा सोडून गेले, एवढं मी आधी विचारून घेतलं.

डोंबिवलीत असं झालं म्हणून लेख लिहायची गरज नव्हती. पण नंतर लक्ष ठेवून पाहिलं तर ठाणे, नाशिक, कोल्हापूर, जिथे जावं तिथे कुणीतरी सांगतंच, "अरे, आमच्याकडचंही बंद झालं." आणि प्रत्येकाचं कारण ठरलेलं असतं: ऑनलाइन. कारण खोटं नाही, पण अर्धंच आहे. तांदूळही ऑनलाइन मिळतो, तरी कोपऱ्यावरचा वाणी टिकून आहे. मग पेटीवालाच का मिटला? हे समजायला त्याचं दुकान नेमकं काय विकत होतं तिथून सुरुवात करावी लागते.

दुकान विकत होतं काय?

वरवर पाहिलं तर वाद्यं. पण दुकानात तासभर बसलात तर दिसेल की तिथे तीन धंदे एकाच छपराखाली चाललेले असतात.

पहिला विक्रीचा. गिटार, कीबोर्ड, तबलाजोडी, टाळ, तारा, स्टँड, कव्हर.

दुसरा दुरुस्तीचा. दुकानाच्या मागच्या अंगाला, बहुधा पंख्याखाली, एक कारागीर मांडी घालून बसलेला असतो. पेटी उघडून दाखवायला सांगा त्याला एकदा. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाशी आत एक लाकडी झडप असते आणि तिला खालून मऊ चामडं लावलेलं असतं. झडप भोकावर घट्ट बसली की हवा थांबते, म्हणजेच सूर गप्प. झुरळानं ते चामडं कुरतडलं, स्प्रिंग ढिली पडली, किंवा पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी शेजारच्या पट्टीला घासायला लागली की झडप पुरती बसत नाही आणि सूर अडकतो. सूर म्हणजे पितळेची एक जीभ. ती टोकाकडे किंचित घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो. जास्त घासली गेली तर दुसऱ्या टोकाला घासून सांधावं लागतं आणि जीभ तेवढी पातळ होत जाते. म्हणून कारागीर एकदा घासतो, फुंकतो, ऐकतो, पुन्हा घासतो. साडेतीन सप्तकांच्या डबल सुरी पेटीत अशा ऐंशीच्या वर जिभा असतात. हे काम घाईचं नाही, आणि त्याचे पैसेही कुणी घाईनं देत नाही.

तिसरा धंदा दिसतच नाही, कारण त्याचं बिल होत नाही. तो सल्ल्याचा. तबला घ्यायला गेलात की पहिला प्रश्न येतो, "कुठली पट्टी?" पट्टी म्हणजे इथे सुराची उंची. कुणाच्या साथीला वाजवायचा, गाणारी मुलगी की मुलगा, काळी एक लागणार की काळी चार. तबल्याचं तोंड जितकं लहान तितकी पट्टी उंच. काळी एकसाठी बांधलेला तबला ओढून ओढून काळी चारला न्यायला गेलात तर पुडीच, म्हणजे वरचं चामडंच, फाटेल. ही चौकशी मोबाइलच्या पडद्यावर होत नाही. तिथे फोटो असतो, चार तारे असतात आणि 'कार्टमध्ये टाका' असतं.

एसटीचं गणित

आता या तीन धंद्यांत पैसा कुठे होता? जवळजवळ सगळा पहिल्यात. दुरुस्ती कशीबशी स्वतःचा खर्च काढते, कधी तेवढाही काढत नाही. सल्ला तर फुकटच. तरी हे तिन्ही चालत होते ते एसटी चालते तशा हिशोबानं. पुणे-मुंबईच्या भरलेल्या गाड्या कमावतात, आणि त्या कमाईवर रात्री शेवटच्या खेड्यात मुक्कामाला जाणारी वस्तीची गाडी निघते, जिच्यात कधी कधी सात माणसं असतात. फायद्याच्या कामानं तोट्याचं काम पोसायचं, याला अर्थशास्त्रात क्रॉस-सबसिडी म्हणतात. आपण 'पोसणं' म्हणू, तोच शब्द बरा आहे.

समजा, एका दुकानाचं भाडं, वीज, कारागिराचा पगार मिळून महिन्याला 60 हजार खर्च आहे. एका वस्तूमागे सरासरी दीड हजार सुटतात. महिन्याला 50 वस्तू विकल्या तर 75 हजार आले, खर्च जाऊन मालकाच्या हातात 15 हजार. आता यातली फक्त दहा गिऱ्हाइकं ऑनलाइन गेली. म्हणजे विक्री पाचव्या हिश्शानं घटली, 40 वस्तूंवर आली. चाळीस गुणिले दीड हजार म्हणजे 60 हजार. मालकाच्या हातात शून्य. (आकडे माझे, समजण्यापुरते, कुठल्याही दुकानाचे नव्हेत.)

ग्राहकाला मात्र दुकान रिकामं दिसतच नाही. "रोज तर गर्दी असते की," असं आपण म्हणत असतो. चाळीस जण येतातच. पण दुकानदाराची चूल त्या शेवटच्या दहा जणांवर चालत होती.

त्यात मालही अडकून पडतो. साबणाची वडी चार दिवसांत जाते. चांगली पेटी चार महिने कपाटात बसते, तानपुरा वर्ष वर्ष. तेवढे दिवस मालकाचे पैसे त्या लाकडात गोठलेले. आणि पट्टीनुसार, आकारानुसार वेगवेगळी वाद्यं ठेवली नाहीत तर गिऱ्हाईक म्हणतं, "यांच्याकडे काहीच नसतं."

गिटारला मॉडेल नंबर असतो, पेटीला नसतो

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा इथे येतो.

कारखान्यातून आलेल्या गिटारवर नाव आणि नंबर छापलेला असतो. तोच नंबर डोंबिवलीत, तोच दिल्लीत, तोच फोनवर. त्यामुळे किंमत ताडून बघता येते, आणि पाचशे रुपयांनी स्वस्त कुठे आहे ते दुकानातच उभं राहून कळतं. दुकानात येऊन वाद्य हाताळायचं, दोन-चार शंका विचारून घ्यायच्या आणि बाहेर पडून ऑनलाइन मागवायचं, याला धंद्यात शोरूमिंग म्हणतात. दुकानदाराचा सल्ला घेतला, पैसे मात्र दुसऱ्याला दिले.

हातानं बनवलेल्या पेटीचं असं होत नाही. एकाच कारागिराच्या दोन पेट्या वेगळ्या बोलतात. ती बसून, भाता हलवून, कान देऊनच घ्यावी लागते. म्हणजे ऑनलाइनच्या स्पर्धेत पेटी, तबला, तानपुरा खरं तर सुरक्षित होते.

मग मेले कसे? कारण ते स्वतःच्या जिवावर उभे नव्हते. दुकानाचं भाडं गिटार, कीबोर्ड, तारांची पाकिटं आणि स्टँड भरत होते, नंबर छापलेला माल, पटापट जाणारा. मागे बसलेला पेटीचा कारागीर त्यावर पोसला जात होता. ऑनलाइननं गिटार उचलून नेली आणि खाली कोसळली ती पेटी. पुणे-मुंबई मार्ग खासगी गाड्यांना देऊन टाकला आणि मग वस्तीची गाडी बंद झाली म्हणून खेड्यातल्या लोकांना दोष दिला, तसाच हा प्रकार.

"पण हल्ली वाजवतंय कोण?"

ही पहिली शंका, आणि बहुतेक वेळा पन्नाशीच्या पुढचे लोक ती उसासा टाकून काढतात. तिला उत्तर आहे.

अमेरिकेत 'सॅम ॲश' नावाची वाद्यांच्या दुकानांची साखळी होती. 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झाली आणि 2024 मध्ये, बरोबर शंभराव्या वर्षी, सगळी दुकानं बंद करून मोकळी झाली. त्याआधी नोव्हेंबर 2020 मध्ये 'गिटार सेंटर' या तिथल्या सर्वांत मोठ्या साखळीनं दिवाळखोरीचा अर्ज केला होता. ती पुढे सावरली. आणि गंमत बघा, त्याच 2020 साली, लोक घरात कोंडलेले असताना, 'फेंडर' या गिटार बनवणाऱ्या कंपनीची विक्री तिच्या इतिहासात सर्वाधिक झाली. वाजवणारे वाढले आणि त्याच वर्षी दुकान बुडालं. वाद्याची मागणी आणि दुकानाची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडेही गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना मुलं बसतातच आहेत. आषाढीआधी टाळ-पखवाजाची खरेदी होते. पुण्यात गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव कानठळ्या बसेपर्यंत चालतो. नाद गेलेला नाही. त्या नादाचा पैसा दुकानातून जायचा, तो रस्ता बदलला.

"सरकारनं कर लावला म्हणून"

थोडंफार. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा गिटारसारख्या वाद्यांवर 28 टक्के लागला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो 18 वर आणला. हातानं बनवलेली देशी वाद्यं वेगळी यादी करून करातून सोडली. करानं धंद्याला झळ लागली असेल, पण ती दुकानाला आणि ऑनलाइनवाल्याला सारखीच लागते. कराच्या मानानं गाळ्याचं दुखणं मोठं आहे.

वाद्यांची जुनी दुकानं बहुधा गावाच्या मध्यावर असतात, नाट्यगृहाजवळ, स्टेशनजवळ, पेठेत. मुंबईकडे त्यांतली कित्येक पागडीवर होती. पागडी म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम मोजून पुढे पिढ्यानपिढ्या नाममात्र भाड्यानं जागा वापरायची जुनी पद्धत. तेवढ्या भाड्यातच चार महिने न खपणारी पेटी कपाटात ठेवणं परवडत होतं. मग इमारत पुनर्विकासाला जाते. दोन-तीन वर्षं दुकान बंद, गिऱ्हाईक पांगतं, कारागीर दुसरीकडे लागतो. नवा चकचकीत गाळा हातात येतो तेव्हा दुकानदाराच्या मुलाला साधा हिशोब कळतो: हा गाळा औषधाच्या दुकानाला भाड्यानं दिला तर घरबसल्या जे मिळेल, ते दिवसभर तबल्याच्या चामडी वाद्या ओढूनही मिळणार नाही. त्यानं औषधवाल्याला होकार दिला तर त्याला नावं ठेवायला मी तरी धजणार नाही.

"दुकानदारच सुधारले नाहीत"

हे मात्र मी मान्य करतो, थोड्या रागानंच. मुलीला पहिला कीबोर्ड घ्यायला मी एका जुन्या दुकानात गेलो होतो. एकाही वस्तूवर किंमत नाही. मुलीनं एका कीबोर्डाच्या पट्टीवर बोट ठेवलं तर आतून आवाज आला, "घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" किंमत विचारली तर माझ्या कपड्यांकडे पाहून सांगितल्यासारखी वाटली. फोनवर बघितलं, दोन हजारांचा फरक. मी काय केलं असेल ते सांगायला नको. म्हणजे शोरूमिंगवर वर जे लिहिलंय त्यात मीही आहे.

पण ज्यांनी स्वतःला बदललं त्यांचं उदाहरणही आहे. मुंबईतलं 'फुर्टाडोज' 1865 पासूनचं. धोबीतलावच्या त्या दुकानात पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्यांच्या पिढ्या पियानोची स्वरलिपीची पुस्तकं घ्यायला गेल्या. त्यांनी शाखा काढल्या, स्वतःच ऑनलाइन विकायला लागले, शिकवण्याच्या धंद्यातही उतरले. मात्र यासाठी भांडवल लागतं, आणि त्यांचा मुख्य माल नंबर छापलेलाच आहे. बार्शीतल्या तबला-पेटीच्या दुकानाला "तुम्ही पण तसंच करा" सांगणं म्हणजे चहाच्या टपरीला पंचतारांकित हॉटेल काढायला सांगणं.

"ॲप आहे की, तानपुरा कशाला?"

बंगळुरूच्या 'रॅडेल'नं इलेक्ट्रॉनिक तानपुरा बाजारात आणला त्याला आता चाळीस वर्षांवर झाली. आधी खोका होता, आता तो फोनमध्ये शिरला. रियाझासाठी तो उत्तम आहे, मीही वापरतो. तार तुटत नाही, प्रवासात फुटत नाही, पहाटे पाचला कुणाला लावायला बसावं लागत नाही. गाणाऱ्या प्रत्येकाच्या घरात खरा तानपुरा असावा असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

जुन्याचा फार कैवार घेणाऱ्यांना आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. आपली पेटीच मुळात परदेशी. 1840 च्या सुमाराला पॅरिसमध्ये जन्मली, पायानं भाता मारायची. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती हातभात्याची केली आणि ती जमिनीवर बसून वाजवणाऱ्यांची झाली. आकाशवाणीनं तर 1940 ते 1971 पेटीला आपल्या दारात उभं केलं नव्हतं. आपल्या संगीताला ती शोभत नाही, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढता येत नाही, ही तक्रार. तरी भजनात, कीर्तनात, संगीत नाटकात ती टिकली. का टिकली याचं माझं उत्तर असं की तोवर तालुक्या-तालुक्यात तिला उघडून बरं करणारा माणूस तयार झालेला होता. आज हजारो रुपयांचा कीबोर्ड बिघडला की आतला सर्किट बोर्ड बदलायचा, नाहीतर अख्खा कीबोर्ड. तो आपल्याकडे विकला जातो, पण आपला झालेला नाही. तेव्हा नवं वाद्य आलं याचं मला काही वाटत नाही. ते बरं करणारा गावात कुणी नाही, याचं वाटतं.

शिकणाऱ्याचं काय होतं?

एक उदाहरण गिटारीचं घेऊ, कारण ते घरोघरी झालेलं आहे. मुलगा हट्ट करतो, बाप सर्वांत स्वस्त गिटार मागवतो. स्वस्त गिटारीत बऱ्याचदा तारा फ्रेटबोर्डापासून, म्हणजे ज्या फळीवर त्या बोटांनी दाबायच्या तिच्यापासून, फार उंच असतात. त्या उंचीला 'ॲक्शन' म्हणतात. उंच तार दाबायला जोर जास्त लागतो, बोटांची टोकं सुजतात, एफ कॉर्ड लागता लागत नाही. मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. तीन महिन्यांनी गिटार कपाटाच्या मागे, आणि घरात कायमचं वाक्य: "याचं कुठलंच खूळ टिकत नाही."

दुकानात हीच गिटार घेतली असती तर बऱ्या दुकानदारानं देण्याआधी मानेतला रॉड पिळून आणि खालची पट्टी घासून ॲक्शन खाली आणली असती. पाव-अर्ध्या तासाचं काम. त्याचे वेगळे पैसे तो घेत नव्हता, गिटारीच्या किमतीत ते धरलेले असायचे. ऑनलाइन जे पाचशे वाचले ते यातलेच.

"यूट्यूबवर बघून घरी करता येतं," असं कुणी म्हणेल. तार बदलणं जरूर करा. रॉड पिळायला मात्र धीर आणि अंदाज दोन्ही लागतात. जास्त पिळला की मान गेली. पेटीचा सूर घरी घासायच्या फंदात तर पडूच नका. मी पडलो होतो. आमच्या पेटीतला पांढरी पाचचा एक सूर अजून पातळ आहे.

मागे मिरजेपर्यंत

दुकान हे साखळीतलं मधलं कडं. ते तुटलं की दोन्ही टोकं हलतात. एका टोकाला शिकणारा, दुसऱ्या टोकाला बनवणारा. बनवणारा कुठे असतो? पेटीचे पितळी सूर गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात. सतार-तानपुऱ्याचं गाव आपलंच, मिरज.

मिरजेची गोष्ट थोडी सांगायला हवी, कारण धंदा बदलून जगणं काय असतं ते तिथे दिसतं. तिथले शिकलगार शस्त्रांना धार लावणारे. संस्थानांची लढाई संपली, तलवारी गंजू लागल्या, तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करायला आणि मग बनवायला घेतली. आडनावच सतारमेकर झालं. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहायला आले. त्यांच्या कानाला पटेल असं वाद्य करायचं म्हणजे कारागिराची परीक्षाच असणार. तानपुऱ्याला लागणारा भोपळा पंढरपूरच्या बाजूला पिकतो. खायचा नव्हे, कडू. तो वाळवायचा, भिजवून आकाराला आणायचा, मग त्यावर लाकडी गळा बसवायचा.

सगळ्यात अवघड काम शेवटी येतं, जवारी. तारा जिच्यावर टेकतात त्या तानपुऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण किंचित उतरता असतो. तार त्याला नुसती टेकत नाही, कंप पावताना पुन्हा पुन्हा निसटती स्पर्श करत राहते, आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज निघतो. घोडीचा तो उतार कानसेनं, कान लावून लावून काढायचा, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. याला माप नाही. वाजवून वाजवून घोडीवर तारेचे चर पडले की जवारी पुन्हा काढावी लागते. म्हणजे तानपुरा एकदा विकून संपत नाही, दर काही वर्षांनी त्याला मिरजेच्या हाताकडे परत यावं लागतं. तो येत होता गावोगावच्या दुकानांमार्फत. दुकानदार पाच-सहा वाद्यं गोळा करायचा, मिरजेहून कुणी आलं की दाखवायचा, किंवा स्वतः पाठवायचा. हे पोस्टमनचं काम आता कोण करणार?

"जीआय मिळालंय ना?"

मिळालंय. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. बातम्या झाल्या आणि लोकांना वाटलं प्रश्न सुटला. जीआय म्हणजे नावावरचा हक्क. मिरजेच्या परिसरात, ठरल्या पद्धतीनं न बनवलेल्या वाद्याला 'मिरजेचा तानपुरा' म्हणून विकता येणार नाही, एवढा त्याचा अर्थ. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये जीआय मिळालं. म्हणून कर्नाटकातला आंबा 'देवगड' म्हणून पेटीत भरून यायचा थांबला का? नाव राखायला भांडावं लागतं, आणि भांडायलाही पैसे लागतात.

परदेशातल्या किंवा मोठ्या शहरातल्या गिऱ्हाइकाशी थेट गाठ घालून द्यायला जीआयचा उपयोग होईल, आणि मिरजेतल्या बनवणाऱ्यांना तो होवोच. पण लातूरच्या गायन क्लासमधल्या तानपुऱ्याची जवारी बसली तर तो कुठे न्यायचा, याला जीआयमध्ये उत्तर नाही.

दुरुस्तीची किंमत

उपाय म्हणून बरंच काही सुचवलं जातं, पण मला एकच खरा वाटतो. विक्री आता दुरुस्तीला पोसणार नसेल, तर दुरुस्तीला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागेल. म्हणजे तिचे पैसे वाढतील आणि ते आपण द्यायला हवेत. एसी साफ करायला येणारा माणूस अर्ध्या तासाचे सहाशे घेतो, आपण मुकाट देतो. पेटीवाला दोन दिवस बसून हजार म्हणाला की आपण आजोबांच्या वेळचा भाव काढतो.

काही ठिकाणी हे वेगळ्या रूपात सुरू झालेलंही दिसतं. क्लासवाले मिळून कारागिराला महिन्यातला एक दिवस ठरवून बोलावतात, सगळे आपापली वाद्यं तिथेच आणतात. कुणी नवशिक्यांना वाद्य भाड्यानं देतं. शिकणं टिकलं तर विकत, नाही तर परत. यात चौकातला गाळा लागत नाही. आणि गाळा लागत नाही म्हणून पाटीही नसते, त्यामुळे असा माणूस सापडायला ओळखीचा माणूस लागतो. रस्त्यानं जाता जाता काचेतली सतार बघून आत शिरणारं पोर आता कुठे शिरणार, याला या पद्धतीत जागा नाही. तेवढी खोट राहतेच.

आमच्या पेटीचं सांगायचं राहिलं. भजनी मंडळातल्या एकांनी नंबर दिला. कल्याणात जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पेटी खांद्यावर घेऊन वर पोचलो तेव्हा गॅलरीत आधीच नऊ-दहा पेट्या रांगेत. कारागिरानं आमची पेटी ठेवून घेतली, वरची फळी काढली आणि मान तिरकी करून आत पाहिलं.

"ही माझ्या हातची आहे."

फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारखा होत्या. 1996. 2009. 2017. शेवटच्या दोन त्यांच्याच अक्षरात. बंद झालेल्या त्या दुकानात मागे पंख्याखाली बसायचे ते हेच. इतकी वर्षं पेटी दिली-घेतली, पण बोलणं सगळं गल्ल्यावर व्हायचं. त्यांचं तोंड मी नीट पाहिलेलंच नव्हतं.

"भजन चार दिवसांवर आहे," मी म्हटलं.

"गणपती महिन्यावर आहेत," ते म्हणाले. "ह्या सगळ्या आधीच्या. तुमची अनंत चतुर्दशीनंतर."

भजन शेजाऱ्यांच्या कीबोर्डवर झालं. पेटी पितृपक्षात मिळाली, आठशे रुपये. चामडं नवं, दोन स्प्रिंगा नव्या, पांढरी पाचच्या सुराला कुणी हात लावला होता याची चौकशी झाली, मी गप्प राहिलो. कपाटावर ठेवू नका, रोज पाच मिनिटं भाता हलवा, असं सांगून त्यांनी फळीवर नवी तारीख घातली आणि स्क्रू आवळता आवळता म्हणाले, "पुढच्या खेपेला आषाढातच आणा. श्रावणात आणलीत की रांग लागते."